ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब आली तर काय करावे: गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

गोव्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेला माणूस पहिल्या दोन महिन्यांत जेवढ्या वस्तू ऑनलाइन मागवतो, तेवढ्या पुढे दोन वर्षांतही मागवत नाही. भाड्याच्या खोलीत मिक्सर नसतो, गादी नसते, आणि वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून सुटून खोलीवर येईपर्यंत मडगावचे किंवा फोंड्याचे दुकान गाठण्याची ताकद उरलेली नसते. मागवलेल्यांपैकी बहुतेक वस्तू धड येतात. एखादी फुटलेली, भिजलेली किंवा बिघडलेली आली, तर पैसे परत कसे मिळवायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अशा प्रत्येक तंट्यात खरा प्रश्न एकच असतो: वस्तू बिघडली कधी? विक्रेता म्हणतो, आमच्याकडून ती चांगली निघाली; ग्राहक म्हणतो, माझ्या हाती ती मोडकीच आली. गोव्यात या प्रश्नाला पावसाची जोड मिळते. येथे वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मुंबईकडून येणारा माल राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून आणि बेळगावकडून येणारा माल चोर्ला किंवा अनमोड घाटातून भिजत येतो हे खरे. पण त्याच दिवसांत घरातल्या कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, हेही तितकेच खरे. त्यामुळे ओलसर पुस्तक किंवा तांबेरलेला तवा दाखवला की ‘हा ओलावा तुमच्या घरातला आहे’ हे उत्तर विक्रेत्याकडे तयार असते.

मला हे उत्तर मिळालेले आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी पुस्तकांचा एक संच मागवला होता. गुरुवारी घरी कोणी नसताना डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने खोके सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, ठेवले. शेजाऱ्यांनी ते संध्याकाळी आत घेतले आणि मी ते रविवारी उघडले, तेव्हा सगळी पाने फुगून वेडीवाकडी झाली होती. डिलिव्हरी गुरुवारची आणि फोटो रविवारचा, एवढ्या एका कारणावरून तक्रार फेटाळली गेली आणि माझे १,६४० रुपये गेले. पुस्तके प्रवासात भिजली की सोप्यावर पागोळ्यांच्या पाण्याने भिजली, हे खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नाही. माझ्या तक्रारीतले वैगुण्य नेमके तेच होते. खाली दिलेल्या बहुतेक सूचना त्या रविवारनंतर शिकलेल्या आहेत.

मागवण्यापूर्वी

वस्तूच्या पानावर परतीची अट लिहिलेली असते आणि ती वस्तूगणिक वेगळी असते. काही वस्तूंवर पैसे परत मिळतात. काहींवर, विशेषतः मोबाइल आणि विजेच्या उपकरणांवर, फक्त बदली वस्तू मिळते. अंतर्वस्त्रे, खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधने यांवर बहुधा ‘परत घेतली जाणार नाही’ असे लिहिलेले असते. मुदत बहुतेक ठिकाणी सात किंवा दहा दिवसांची असते. पैसे भरण्याआधी या अटीचा, वस्तूच्या वर्णनाचा आणि विक्रेत्याच्या नावाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, कारण ही पाने बदलतात आणि तक्रारीच्या वेळी जुने पान दाखवता येत नाही.

पत्त्याकडे नवखी माणसे पुरेसे लक्ष देत नाहीत. गोव्यात वाडा म्हणजे गावाचा एक भाग; देऊळवाडा नावाचे वाडे अनेक गावांत आहेत आणि घर क्रमांक पंचायतीने दिलेला असला तरी तो दारावर असतोच असे नाही. म्हणून गाव, वाडा, तालुका, ४०३ ने सुरू होणारा पिनकोड आणि परक्या माणसालाही दिसेल अशी एखादी ठळक खूण, म्हणजे देऊळ, कपेल (छोटे चर्च) किंवा पंचायतघर, हे सारे पत्त्यात लिहावे. पत्ता सापडला नाही म्हणून दोन-तीन दिवस गाडीत फिरलेले खोके ज्या अवस्थेत घरी येते, ती पाहिल्यावर या सूचनेचे महत्त्व कळते. दिवसा खोलीवर कोणी नसेल, तर कार्यालयाचा पत्ता द्यावा, किंवा ओळखीच्या पोसऱ्यावर, म्हणजे जवळच्या छोट्या दुकानात, विचारून त्याचा पत्ता द्यावा. बंद दारासमोर सोप्यावर ठेवलेले पार्सल पावसाळ्यात कोणाचेच नसते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. चवथीसाठी लोक मूळ गावी जातात आणि पाच-सात दिवसांनी परततात. निघण्याच्या आदल्या दिवशी आलेले पार्सल तसेच ठेवून गेल्यास परतीची मुदत गावातच संपून जाते. ज्या आठवड्यात तुम्ही खोलीवर नसणार, त्या आठवड्यात पोहोचेल असे काही मागवू नये, आणि मागवलेच तर निघण्यापूर्वी उघडून पाहावे.

पैसे घरपोच देण्याची पद्धत नवख्यांना सुरक्षित वाटते, परंतु तेथेही पैसे सहसा खोके उघडण्याआधीच द्यावे लागतात, त्यामुळे तिचा आधार वाटतो तेवढा मोठा नाही. महाग वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल, तर विक्रेता दाद देत नाही तेव्हा बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत नोंदवण्याचा आणखी एक मार्ग उरतो. या हरकतीलाही मुदत असते, म्हणून ती लवकर नोंदवावी.

पार्सल दारात आल्यावर

ओटीपी सांगण्यापूर्वी किंवा सही करण्यापूर्वी खोके हातात घेऊन सहाही बाजूंनी पाहावे. कोपरा चेपला आहे का, पुठ्ठा ओला किंवा ओला होऊन वाळल्यासारखा डागाळलेला आहे का, मूळ चिकटपट्टीवर दुसऱ्याच प्रकारची पट्टी मारलेली आहे का, हलवल्यावर आत काच खळखळते का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. नुकसान उघड दिसत असेल तर पार्सल स्वीकारू नये आणि परत पाठवण्याचे कारण ‘खराब अवस्थेत आले’ असेच नोंदवले जाते आहे ना, याची खात्री करावी. न स्वीकारलेल्या मालाचे पैसे परत मिळवणे हे स्वीकारलेल्या मालाच्या मानाने पुष्कळ सोपे असते.

डिलिव्हरी करणारा मुलगा घाईत असतो, कारण त्याच्या पिशवीत अजून कित्येक पार्सले असतात आणि तोही पावसात भिजत आलेला असतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण माल त्याने भरलेला नाही आणि पैसे परत देणे त्याच्या हातात नाही. ‘दादा, खोके ओले आहे, मी परत पाठवतो,’ एवढे शांतपणे सांगितले तरी पुरते.

मोबाइल, लॅपटॉप अशा महाग वस्तूंसाठी समोर उघडून दाखवण्याची सोय काही विक्रेते देतात. ती उपलब्ध असेल तर अवश्य घ्यावी, पण तेथे ओटीपी देणे म्हणजे ‘वस्तू चांगली आहे’ असे मान्य करणे असते, हे ध्यानात ठेवावे. वस्तू नीट पाहून झाल्याशिवाय ओटीपी सांगू नये. टपाल खात्यामार्फत आलेले पार्सल फाटलेले किंवा हलके वाटले, तर ते घरी न स्वीकारता पोस्टमास्तरांसमोर वजन करून उघडून देण्याची मागणी टपाल कार्यालयात करावी.

खोके उघडताना

पार्सल ज्या दिवशी आले त्याच दिवशी उघडावे आणि उघडतानाचा व्हिडिओ घ्यावा. असा व्हिडिओ हवाच, असे ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेले नाही. मात्र कित्येक विक्रेते तो मागतात, आणि वस्तू दारात आली त्या वेळी ती कशी होती हे ठामपणे सांगणारा त्याच्यासारखा दुसरा पुरावा सामान्य माणसाकडे नसतो.

व्हिडिओ न थांबवता एकसलग घ्यावा. प्रथम पत्त्याची चिठ्ठी वाचता येईल इतक्या जवळून दाखवावी, मग बंद खोक्याच्या सर्व बाजू आणि न कापलेली पट्टी दाखवावी, त्यानंतर कापून वस्तू बाहेर काढावी आणि तिच्यावरचा अनुक्रमांक, फुटलेला किंवा भिजलेला भाग आणि आतले वेष्टन, या क्रमाने सारे दाखवावे. एकट्याने हे करताना फोन डब्याला टेकवून ठेवला तरी चालतो; काम उजेडात व्हावे आणि खोके चौकटीबाहेर जाऊ नये, एवढेच पाहावे. हा व्हिडिओ कापू किंवा जोडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीचा दर्जा उतरतो आणि मूळ तारखेची नोंदही हरवू शकते, म्हणून फोनमधली मूळ फाइल जपून ठेवावी.

विजेची वस्तू ओली आलेली असेल तर ती लावून पाहण्याचा मोह आवरावा. त्यात जिवाला धोका आहे. शिवाय ओली असताना चालू केल्यामुळेच ती जळली, असे म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. तिचा ओलेपणा चित्रित करून तक्रार नोंदवावी, म्हणजे झाले.

टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांची गोष्ट वेगळी आहे. ही उपकरणे कंपनीच्या तंत्रज्ञाने येऊन उघडायची असतात आणि ग्राहकाने आधीच उघडल्यास काही वेळा तेच कारण पुढे केले जाते. अडचण अशी की गोव्याच्या आतल्या भागात, म्हणजे सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या एखाद्या गावात, तंत्रज्ञ यायला चार-पाच दिवस सहज लागतात आणि परतीची मुदत मात्र डिलिव्हरीच्या दिवसापासूनच चालू झालेली असते. म्हणून तंत्रज्ञाची वेळ त्याच दिवशी मागावी, ती उशिराची मिळाली तर तसे विक्रेत्याला लेखी कळवावे, आणि तंत्रज्ञ आल्यावर दोष कोणता आढळला हे त्याच्या कामाच्या कागदावर लिहून घ्यावे. काही विक्रेते बदली देण्यापूर्वी ‘वस्तू मुळातच बंद अवस्थेत आली’ असा सेवा केंद्राचा दाखला मागतात, त्यासाठीही हाच कागद उपयोगी पडतो.

पुठ्ठा, थर्माकोल, आतल्या पिशव्या, चिठ्ठ्या, अगदी ओलावा शोषणारी छोटी पुडीसुद्धा टाकू नये. लहान खोलीत हा पसारा नकोसा होतो हे मान्य आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तो कपाटावर ठेवावा. फरशीवर ठेवल्यास पावसाळ्यात त्याला चार दिवसांत बुरशी येते आणि मग पुन्हा तोच वाद सुरू होतो.

तक्रार नोंदवताना

तक्रार त्याच दिवशी, विक्रेत्याच्या अधिकृत ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून नोंदवावी. तेथे कारणांची यादी येते आणि घाईत माणसे वाटेल ते कारण निवडतात. ‘वस्तू आवडली नाही’ आणि ‘वस्तू खराब आली’ यांत पैशांचा फरक पडतो: पहिल्या कारणात नेण्याचा खर्च ग्राहकावर येऊ शकतो किंवा परतीच नाकारली जाऊ शकते. नुकसान झाले असेल तर नुकसान, वेगळीच वस्तू आली असेल तर वेगळी वस्तू, भाग कमी असेल तर कमी भाग, असे नेमके कारण निवडावे.

मजकूर थोडक्यात आणि तारीखवार लिहावा. नमुन्यादाखल असा: ‘ऑर्डर क्रमांक अमुक. १२ जुलै रोजी सकाळी ११.२० वाजता पार्सल मिळाले. त्याच दिवशी सकाळी ११.४० वाजता उघडले असता मिक्सरचे मोठे भांडे तडकलेले आणि आतला पुठ्ठा ओला आढळला. उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि चार फोटो सोबत जोडले आहेत. वस्तू वापरलेली नाही. कृपया वस्तू परत नेऊन १५ जुलैपर्यंत तसे लेखी कळवावे आणि भरलेली पूर्ण रक्कम परत करावी.’ संताप येथे लिहू नये. ही तक्रार पुढे तिऱ्हाईत माणूस वाचणार आहे असे समजून लिहिली की भाषा आपोआप नेमकी होते.

तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. फोनवर जे आश्वासन मिळाले असेल, ते लगेच ईमेलने ‘आज दुपारी झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून विक्रेत्याला लिहून पाठवावे. तोंडी शब्दाला कागदाचा आधार देण्याचा हा सर्वांत साधा उपाय आहे.

येथे एक धोका आहे आणि तो मोडक्या मिक्सरपेक्षा पुष्कळ मोठा आहे. इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा क्रमांक’ असा शोध घेतला की भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांकही समोर येतात. पलीकडचा माणूस गोड बोलून ‘रिफंड पाठवतो’ म्हणतो आणि एखादे स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवायला, क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. असे काही घडल्यास वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवावे.

वस्तू परत न्यायला माणूस आला की ती पुन्हा भरतानाचा फोटो घ्यावा आणि ‘वस्तू परत मिळाली’ असा संदेश फोनवर आल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये. काही पिनकोडांवर परत नेण्याची सोय नसते आणि विक्रेता तुम्हालाच कुरियर करायला सांगतो. तशा वेळी कुरियरचा खर्च तो देणार हे आधी लेखी मागून घ्यावे आणि पावती जपावी.

विक्रेता दाद देत नसेल तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात २३ तारखेला ई-कॉमर्सचे स्वतंत्र नियम आले. त्या नियमांनुसार प्रत्येक ऑनलाइन बाजारपेठेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाहून वेगळी असेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मूळ कायद्यातही, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ‘सेलमधील माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ मन बदललेल्या ग्राहकाला लागू पडेल, फुटक्या भांड्याला नाही.

त्यामुळे ग्राहक सेवेच्या माणसाशी चौथ्यांदा तेच बोलण्यापेक्षा तक्रार निवारण अधिकाऱ्याला थेट ईमेल करावा. बाजारपेठ आणि विक्रेता हे बहुधा वेगवेगळे असतात. विक्रेत्याचे खरे नाव आणि पत्ता बिलावर असतो, म्हणून बिल डाउनलोड करून ठेवावे आणि पत्र दोघांनाही पाठवावे.

तेथेही काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतूनही बोलता येते. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती कंपनीकडे तक्रार पोहोचवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. माझ्या अनुभवात मोठ्या बाजारपेठा येथून आलेल्या तक्रारीला बऱ्यापैकी लवकर उत्तर देतात. स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावरून माल विकणारे मात्र कित्येकदा कुणालाच उत्तर देत नाहीत.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. उत्तर गोव्यासाठी तो पर्वरीत आणि दक्षिण गोव्यासाठी मडगावात आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. नव्या कायद्याने केलेली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते; विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतेचा, तुम्हाला तेथे जावे लागत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी यासाठी भाडेकरार किंवा नोकरीच्या ठिकाणचे पत्र हाताशी ठेवावे. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. सोबत बिल, स्क्रीनशॉट, पत्रव्यवहार आणि प्रतिज्ञापत्र जोडावे, आणि बाजारपेठ व विक्रेता अशा दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे.

कायद्याने निकालासाठी साधारण तीन महिन्यांची, आणि वस्तूची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांची मुदत सांगितली आहे. प्रत्यक्षात यापेक्षा अधिक काळ धरून चालावे. सहाशे रुपयांच्या चादरीसाठी मी आयोगाची पायरी चढणार नाही, तिच्यासाठी १९१५ पुरे. फ्रिज किंवा लॅपटॉप असेल तर मात्र मी मागे हटणार नाही, कारण तेथे किमतीबरोबर त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो.

एक गोष्ट कळंगुट किंवा हरमलच्या बाजूला छोटे गेस्ट हाऊस चालवायला घेणाऱ्यांसाठी. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूंच्या बाबतीत खरेदीदार हा कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून चालवलेल्या उद्योगाला यात सवलत आहे, पण ती आयोगासमोर सिद्ध करावी लागते. म्हणून पाहुण्यांच्या खोल्यांसाठी वीस गाद्या आणि स्वतःच्या घरासाठी एक मिक्सर अशी खरेदी एकाच ऑर्डरमध्ये, व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर करू नये. घरची वस्तू स्वतःच्या नावावर, वेगळ्या बिलाने मागवावी.